मानवी हक्कांचा वर्ग नेमका कुठे भरतो?

प्रतिनिधी, भाईंदर

भाईंदर स्थानकाच्या पश्चिमेकडून उत्तनच्या दिशेने निघाले की मुर्धे, राई, मोर्वा ही गावे एकामागून एक मागे पडतात आणि मग डोंगरी येते. डोंगरी म्हटले की मुंबईकराच्या डोळ्यांपुढे उमरखाडीचे बालगृह आणि दाटीवाटीच्या गल्ल्या उभ्या राहतात. ही डोंगरी ती नव्हे. ही मीरा-भाईंदर महापालिकेच्या हद्दीतली, धारावी बेटावरची, ख्रिस्ती शेतकरी आणि कोळी कुटुंबांची, शहर दाराशी येऊनही झाडी राखून असलेली डोंगरी. दहिसर ते मीरा-भाईंदर या मेट्रो ९ मार्गिकेची कारशेड आधी राई-मुर्धे परिसरात प्रस्तावित होती. तेथील ग्रामस्थांनी विरोध केल्यानंतर ती डोंगरीकडे सरकली आणि २०२५ च्या मार्चमध्ये त्यासाठी सुमारे दहा हजार झाडे तोडण्याच्या प्रस्तावावर महापालिकेने जाहीर सूचना काढून नागरिकांच्या हरकती मागवल्या.

जाहीर सूचना निघाली म्हणजे नागरिकांना हक्क मिळाला, असे कागदोपत्री म्हणता येते. परंतु तो हक्क वापरायचा तर सूचना वाचणाऱ्याला बरेच काही ठाऊक असावे लागते. महाराष्ट्रातील शहरी भागांत झाडांच्या संरक्षणासाठी १९७५ पासून स्वतंत्र कायदा आहे, त्याखाली महापालिकेत वृक्ष प्राधिकरण असते, २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या झाडांना वारसा वृक्ष मानले आहे, हरकत लेखी द्यायची असते आणि तिची पोच घ्यायची असते, या साऱ्या गोष्टी ज्याला माहीत नाहीत त्याच्या दृष्टीने ती सूचना म्हणजे बारीक टाइपातला एक मजकूर असतो. डोंगरी-उत्तनच्या रहिवाशांनी आणि पर्यावरणप्रेमींनी हरकती नोंदवल्या. हे शिक्षण त्यांना कोणत्या शाळेत वा महाविद्यालयात मिळाले? उत्तनच्या धावगी डोंगरावरील घनकचरा प्रकल्पाची दुर्गंधी आणि तेथील आगींचा धूर सोसताना, निवेदने देताना आणि दाद मागताना ते मिळाले. म्हणजे हक्क हिरावला जाण्याची वेळ आल्यावर हक्काचा पहिला धडा गिरवला गेला.

मानवी हक्कांचे शिक्षण या विषयाकडे याच बाजूने पाहण्याची गरज आहे. गेल्या तीन दशकांत हा विषय आपल्या विद्यापीठांत, पोलीस प्रशिक्षण केंद्रांत, वकिलांच्या आणि डॉक्टरांच्या अभ्यासक्रमांत कुठे ना कुठे शिरला आहे. तो शिकवला जातो, त्यावर प्रश्नपत्रिका निघतात, प्रमाणपत्रे वाटली जातात. प्रश्न एवढाच, की तो शिकला जातो का आणि जातो तर कुठे?

एका शब्दाची दुरुस्ती

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १० डिसेंबर १९४८ रोजी मानवी हक्कांचा वैश्विक जाहीरनामा स्वीकारला. त्याच्या उद्देशिकेतच शिकवण आणि शिक्षण यांच्याद्वारे या हक्कांविषयी आदर वाढवावा, असे सांगितले आहे, तर २६ व्या कलमाने शिक्षणाचे एक उद्दिष्टच मानवी हक्कांबद्दलचा आदर दृढ करणे हे ठरवले आहे. या जाहीरनाम्याशी मुंबईचे एक जुने नाते आहे. त्याच्या मसुद्यातील पहिल्या कलमाची सुरुवात सर्व पुरुष असा अर्थ निघू शकेल अशा इंग्रजी शब्दांनी होत होती. मुंबई प्रांताच्या कायदेमंडळात काम केलेल्या, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाचे कुलगुरुपद भूषवलेल्या आणि घटना समितीच्या सदस्य असलेल्या हंसाबेन मेहता या मानवी हक्क आयोगात भारताच्या प्रतिनिधी होत्या. त्यांनी आग्रह धरला आणि तेथे सर्व मानव असा शब्दप्रयोग आला. कागदावरचा एक शब्द बदलल्याने जगातील निम्म्या लोकसंख्येचे नाव निःसंदिग्धपणे त्या कलमात नोंदले गेले. कागदावर काय लिहिले आहे याला मानवी हक्कांच्या व्यवहारात किती मोल असते, याचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण.

पुढे १९९५ ते २००४ हे दशक संयुक्त राष्ट्रांनी मानवी हक्क शिक्षणाचे दशक म्हणून पाळले आणि २००५ पासून त्यासाठी जागतिक कार्यक्रम सुरू केला. त्याचा पहिला टप्पा शाळांसाठी होता. दुसऱ्या टप्प्यात (२०१०-१४) उच्च शिक्षणाबरोबरच शिक्षक, सरकारी सेवक, पोलीस आणि लष्करी कर्मचारी यांचा समावेश झाला, तर तिसऱ्या टप्प्यात (२०१५-१९) पत्रकारांचा. त्यानंतरचे टप्पे तरुणांना केंद्रस्थानी ठेवणारे आहेत. १९ डिसेंबर २०११ रोजी आमसभेने या शिक्षणाविषयी स्वतंत्र जाहीरनामाही संमत केला. त्यात या शिक्षणाच्या तीन बाजू सांगितल्या आहेत. हक्कांबद्दलचे शिक्षण म्हणजे माहिती. हक्कांच्या मार्गाने दिलेले शिक्षण म्हणजे शिकवणारा आणि शिकणारा दोघांच्याही हक्कांचा मान राखणारी पद्धत. आणि हक्कांसाठीचे शिक्षण म्हणजे स्वतःचे हक्क बजावण्याची व दुसऱ्याचे जपण्याची ताकद. आपल्याकडे पहिल्या बाजूवर बहुतेक सारा भर असतो. उरलेल्या दोन बाजू परीक्षेत विचारता येत नाहीत, म्हणून त्या मागे राहतात.

कायदा, विद्यापीठ आणि दहा डिसेंबर

भारतात मानवी हक्क संरक्षण कायदा १९९३ साली आला. जीवित, स्वातंत्र्य, समता आणि व्यक्तीची प्रतिष्ठा यांच्याशी निगडित असलेले, राज्यघटनेने हमी दिलेले किंवा आंतरराष्ट्रीय करारांत समाविष्ट असलेले आणि न्यायालयांमार्फत बजावता येणारे हक्क म्हणजे मानवी हक्क, अशी व्याख्या या कायद्याने केली. त्याच कायद्यानुसार राष्ट्रीय मानवी हक्क आयोग स्थापन झाला आणि समाजाच्या विविध घटकांत मानवी हक्कांविषयी साक्षरता पसरवणे हे त्याच्या कर्तव्यांपैकी एक ठरले. महाराष्ट्राचा राज्य मानवी हक्क आयोग २००१ पासून मुंबईतून काम पाहतो. आयोगाकडे तक्रार करण्यास शुल्क लागत नाही, वकिलाची सक्ती नाही. मात्र घटना घडल्यापासून एक वर्षाच्या आत तक्रार व्हावी लागते. शिवाय आयोग शिफारस करतो, न्यायालयासारखा हुकूम देत नाही. हक्क शिकवताना या मर्यादाही शिकवल्या पाहिजेत. अन्यथा तक्रारदाराची अपेक्षा एक असते आणि हाती पडते ते वेगळेच.

विद्यापीठ अनुदान आयोगाने १९८० च्या दशकापासून या विषयाला चालना दिली. इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाने त्याचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आखला. पुणे विद्यापीठाने पदव्युत्तर वर्गांसाठी मानवी हक्कांचे श्रेयांक ठेवले. रसायनशास्त्राच्या किंवा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यालाही या निमित्ताने घटनेचे चौदावे आणि एकविसावे कलम वाचावे लागते, ही जमेची बाजू. परंतु दोन श्रेयांकांचा विषय म्हणजे परीक्षेच्या आदल्या रात्रीचा विषय, हे विद्यार्थी आणि शिक्षक दोघेही जाणतात. दहा डिसेंबरला भित्तिपत्रकांची स्पर्धा होते, पाहुण्यांचे भाषण होते, चहापानानंतर कार्यक्रम संपतो. रसायनशास्त्राचा पदवीधर उद्या कारखान्यात रुजू होईल, तेव्हा सांडपाणी कोणाच्या विहिरीत उतरते हा त्याच्या दृष्टीने मानवी हक्कांचा प्रश्न असणार आहे. त्या दोन श्रेयांकांत ही गाठ क्वचितच घालून दिली जाते.

हक्क मंजूर होणे आणि हक्क मिळणे यांतील अंतर महाराष्ट्राला नवे नाही. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ मध्ये संमत केला. महाड नगरपालिकेने पुढच्या वर्षी चवदार तळे खुले असल्याचे ठरवले. तरीही ठराव दप्तरात राहिला आणि तळे बंदच राहिले. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसे तळ्यापर्यंत चालत गेली आणि पाणी प्यायली, तेव्हा त्या ठरावाला अर्थ आला. त्यानंतरही न्यायालयीन लढाई चालली आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल येण्यास १९३७ साल उजाडले. मानवी हक्कांच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकाचे पहिले प्रकरण व्हावे अशी ही घटना आहे. ठराव, तो न पाळणारी व्यवस्था, तो पाळायला लावणारी माणसे आणि शेवटी न्यायालय, असा हक्काचा सारा प्रवास तिच्यात आहे.

वर्गातली छडी

शाळेपासून सुरुवात करू. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात समतेचा धडा असतो आणि प्रत्येक पाठ्यपुस्तकाच्या आरंभी राज्यघटनेची उद्देशिका छापलेली असते. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास देण्यास बंदी केली आहे. आता असा वर्ग डोळ्यांपुढे आणावा, की ज्यात प्रतिष्ठेच्या हक्काचा धडा चालू आहे आणि शुल्क न भरलेल्या दोन मुलांना बाकावर उभे केले आहे. त्या दिवशी उरलेल्या अठ्ठावन्न मुलांनी काय शिकले असेल? हक्क हा पुस्तकातला शब्द आहे आणि प्रत्यक्षात चालते ते हुकूम देणाऱ्याचे, हेच. २०११ च्या जाहीरनाम्यातील दुसऱ्या बाजूचा अर्थ हा असा आहे. शिकवणाऱ्याची वागणूक हाच धडा असतो.

कोठडीच्या भिंतीवरचे पत्रक

व्यावसायिकांना मानवी हक्क कसे शिकवावेत, याचा एक नमुना महाराष्ट्रातच चार दशकांपूर्वी घडला. त्याची सुरुवात एका पत्रकाराच्या पत्राने झाली. शीला बर्से यांनी मुंबईच्या कारागृहातील पंधरा स्त्री कैद्यांच्या मुलाखती घेतल्या. त्यांपैकी पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचे सांगितले. बर्से यांनी ते सर्वोच्च न्यायालयाला लिहून कळवले आणि न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानले. वस्तुस्थिती जाणून घेण्यासाठी न्यायालयाने पाठवले ते मुंबईच्या निर्मला निकेतन समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालिकांना. समाजकार्य शिकवणारी व्यक्ती कारागृहात जाऊन स्त्रियांशी बोलली आणि तिचा अहवाल न्यायालयापुढे आला.

फेब्रुवारी १९८३ मध्ये आलेल्या निकालातील निर्देश आजही वाचण्यासारखे आहेत. संशयित स्त्रियांसाठी वेगळ्या कोठड्या असाव्यात आणि तेथे महिला पोलिसांचा पहारा असावा. स्त्रियांची चौकशी महिला पोलिसांच्या उपस्थितीतच व्हावी. न्यायदंडाधिकाऱ्यांनी समोर आणलेल्या आरोपीला, पोलिसांकडून छळ झाला का, असे विचारावे. आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा निर्देश असा, की अटक झालेल्या व्यक्तीचे कायदेशीर हक्क सांगणारे पत्रक मराठी, हिंदी आणि इंग्रजीत छापून प्रत्येक कोठडीत चिकटवावे आणि व्यक्तीला ठाण्यात आणताच ते तिला समजेल अशा भाषेत वाचून दाखवावे.

या निर्देशात प्रशिक्षणाची एक पद्धत दडलेली आहे. पत्रक कोठडीच्या भिंतीवर असले, की ते आरोपी वाचतो आणि त्याच्याबरोबर हवालदारही वाचतो. ते मोठ्याने वाचून दाखवण्याचे काम ज्याच्याकडे आहे तो आठवड्याभरात ते तोंडपाठ करतो. नाशिकच्या महाराष्ट्र पोलीस अकादमीतील तासापेक्षा हा तास वेगळा असतो, कारण तो रोज आणि समोर माणूस असताना भरतो.

पुढे डी. के. बसू प्रकरणात डिसेंबर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अटकेसंबंधी अकरा सूचना दिल्या. अटक करताना पंचनाम्यासारखा लेखी कागद तयार व्हावा, त्यावर कुटुंबातील किंवा परिसरातील प्रतिष्ठित व्यक्तीची साक्ष असावी, नातेवाइकांना कळवावे, दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी व्हावी, अशा त्या सूचना. त्यांतील बऱ्याचशा नंतर फौजदारी प्रक्रिया संहितेत आल्या आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही आहेत. येथेही सूत्र तेच आहे. मानवी हक्कांवरील व्याख्यान विसरले जाऊ शकते, परंतु अटकेच्या कागदावर वेळेचा आणि साक्षीदाराच्या सहीचा रकाना असेल तर तो भरताना अधिकाऱ्याला थांबून विचार करावाच लागतो. रिकामा राहिलेला रकाना उद्या न्यायालयात बोलतो.

नोव्हेंबर २०२५ मध्ये वरळीतील एका मोटार अपघाताच्या प्रकरणातून उद्भवलेल्या अपिलांवर सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक पाऊल पुढे टाकले. कोणत्याही गुन्ह्यात अटक झाली तरी अटकेची कारणे त्या व्यक्तीला तिला समजणाऱ्या भाषेत लेखी दिली पाहिजेत, तत्काळ शक्य नसल्यास ती तोंडी सांगावीत आणि कोठडीच्या मागणीसाठी न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे नेण्याच्या किमान दोन तास आधी लेखी द्यावीत, असे न्यायालयाने सांगितले. १९८३ मधील पत्रक आणि २०२५ मधील हा कागद यांच्यात बेचाळीस वर्षांचे अंतर आहे. समजेल अशा भाषेत हे शब्द मात्र दोन्हींत आहेत. एकच गोष्ट चार दशकांनंतर पुन्हा सांगावी लागते, यावरून ती शिकवण्यात आपण किती कमी पडलो याचा अंदाज येतो.

पाठ्यपुस्तकातच चूक असेल तर?

डॉक्टरांच्या बाबतीत प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होता. तेथे हक्कांचे शिक्षण कमी होते, इतकेच नव्हे, तर हक्कांना बाधा आणणारी गोष्ट शास्त्र म्हणून शिकवली जात होती. लैंगिक अत्याचाराची तक्रार करणाऱ्या स्त्रीची दोन बोटांची तपासणी करून तिच्या पूर्वायुष्याविषयी शेरा लिहिण्याची पद्धत न्यायवैद्यकाच्या पुस्तकांत होती. विद्यार्थी ते वाचून उत्तीर्ण होत आणि पुढे शासकीय रुग्णालयात तोच शेरा लिहीत. त्यांच्यात दुष्टावा नव्हता, पाठांतर होते.

सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतील न्यायवैद्यक विभागाचे डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी २०१० मध्ये अशा तपासण्यांच्या दुरवस्थेवर अहवाल तयार केला. त्याआधारे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे जनहित याचिका गेली. महाराष्ट्राने २०१३ मध्ये आणि केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१४ मध्ये तपासणीविषयी नव्या मार्गदर्शक सूचना काढल्या. २०१९ मध्ये नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने कौमार्याच्या लक्षणांचा भाग वैद्यकीय अभ्यासक्रमातून वगळला. ३१ ऑक्टोबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोन बोटांची चाचणी करणारी व्यक्ती गैरवर्तनाची दोषी ठरेल, असे बजावले आणि वैद्यकीय महाविद्यालयांचे अभ्यासक्रम तपासण्यास सांगितले.

एवढे होऊनही २०२४ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने न्यायवैद्यकाचा जो सुधारित अभ्यासक्रम जाहीर केला, त्यात कौमार्याच्या व्याख्येसारखे जुने भाग परत आले. टीका झाल्यावर काही दिवसांतच तो मागे घेण्यात आला. काढून टाकलेली चूक पुन्हा परतू शकते, म्हणून अभ्यासक्रमाकडे सतत लक्ष ठेवावे लागते, हा यातला धडा.

याच्या नेमकी उलट बाजू वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात दिसते. मुंबई महापालिका आणि सेहत या संस्थेने २००० च्या सुमारास तेथे दिलासा हे केंद्र सुरू केले. घरात मार खाल्लेली स्त्री पोलिसांकडे जाईलच असे नाही, पण जखम बांधण्यासाठी रुग्णालयात येतेच, हा त्यामागचा साधा विचार. न्हाणीघरात पडले, असे सांगणाऱ्या स्त्रीच्या जखमेची जागा वेगळेच सांगत असते. ते ओळखायला बाह्यरुग्ण विभागातील डॉक्टर आणि परिचारिका यांना शिकवले गेले आणि हे शिकवणारे प्रशिक्षक रुग्णालयाच्याच कर्मचाऱ्यांतून तयार करण्यात आले. आपल्याच वॉर्डातील परिचारिका शिकवते, तेव्हा विषय परका राहत नाही. पुढे हे केंद्र मुंबईतील इतर पालिका रुग्णालयांतही पोहोचले. मानवी हक्क हा शब्द या प्रशिक्षणात फारसा आला नसेलही. परंतु केसपेपरवर काय नोंदवायचे आणि रुग्णाला एकांतात कोणता प्रश्न विचारायचा, हे शिकवले गेले आणि त्यातून हक्क जपला गेला.

पत्रकारांचा धडा

पोलीस आणि डॉक्टरांविषयी लिहिताना पत्रकारांना बाजूला ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. प्रस्तुत प्रतिनिधीने पत्रकारितेची पदविका घेतली, तेव्हा मानवी हक्कांवर एक व्याख्यान झाले होते आणि त्यावर पाच गुणांची टीप लिहिल्याचे आठवते. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका अल्पवयीन मुलीवरील अत्याचाराची बातमी लिहिताना नाव अर्थातच टाळले. मात्र वसाहतीचे नाव, शाळेची इयत्ता आणि वडिलांचा व्यवसाय तपशील म्हणून लिहिला. बातमी तपासणाऱ्या ज्येष्ठ उपसंपादकांनी ती तीन वाक्ये खोडली आणि एवढेच म्हणाले, ‘‘नाव राहू दे, तू तर घरचा पत्ता दिलास.’’ पदविकेच्या वर्षभरात जे समजले नव्हते ते त्या लाल रेघेने समजले.

कायदा याबाबत स्पष्ट आहे. पूर्वीच्या भारतीय दंडसंहितेचे कलम २२८-अ आणि आताच्या भारतीय न्याय संहितेचे कलम ७२ पीडितेची ओळख उघड करण्यास मनाई करते. बालकांच्या बाबतीत पोक्सो कायद्याचे २३ वे कलम नाव, पत्ता, शाळा, कुटुंब, शेजार असा कोणताही तपशील छापण्यास बंदी करते. डिसेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आडवळणानेही ओळख पटेल असे काही प्रसिद्ध करू नये, असे सांगितले. ही कलमे पदविकेच्या अभ्यासक्रमात असतात. पण ती वार्ताहराच्या हातात उतरतात ती रात्री दहा वाजता, अंक पानावर जाताना, कोणीतरी वाक्य खोडते तेव्हाच.

सूचना लिहिणाऱ्याचे शिक्षण

आता पुन्हा डोंगरीकडे येऊ. झाडे तोडण्याच्या सूचनेवर हरकत कशी घ्यावी, हे ग्रामस्थांनी शिकावे, असे आपण म्हणतो. पण ती सूचना लिहिणारा अधिकारी, ती कुठे लावायची हे ठरवणारा लिपिक, हरकतींवर सुनावणी घेणारे प्राधिकरण आणि कारशेडचा आराखडा काढणारा अभियंता हेही व्यावसायिकच आहेत. मानवी हक्कांच्या प्रशिक्षणात पोलिसांचे नाव आधी घेतले जाते, कारण तेथे इजा डोळ्यांना दिसते. महापालिकेच्या टेबलावर होणारी इजा संथ असते. सूचना समजेल अशा मराठीत आहे का? ती गावात, चर्चच्या आवारात, मासळी बाजारात लोकांच्या नजरेस पडेल अशी लावली आहे का? हरकत घेण्यास दिलेले दिवस पुरेसे आहेत का? आलेल्या हरकतीला कारणांसहित उत्तर दिले जाते का? या चार प्रश्नांत नैसर्गिक न्यायाचे जवळजवळ सारे तत्त्व सामावले आहे.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. मानवी हक्क शिकवणे म्हणजे प्रत्येक प्रकल्पाला विरोध करायला शिकवणे, असा समज प्रशासनात आढळतो. लोकलच्या दारात लटकत चर्चगेट गाठणाऱ्या मीरा-भाईंदरकराला मेट्रो हवी आहे आणि सुरक्षित प्रवास हाही त्याच्या जीविताच्या हक्काचाच भाग आहे. दुसरीकडे संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २८ जुलै २०२२ रोजी स्वच्छ, निरोगी आणि शाश्वत पर्यावरण हा मानवी हक्क असल्याचे मान्य केले, तर आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा हक्क घटनेच्या चौदाव्या आणि एकविसाव्या कलमांत पाहिला. दोन हक्क समोरासमोर येतात, तेव्हा कोणाचे पारडे जड हे ठरवावेच लागते. ते ठरवताना ज्याचे अंगण जाणार आहे त्याचे म्हणणे ऐकले जावे आणि निर्णयाची कारणे त्याला कळावीत, हे शिकवणे म्हणजे मानवी हक्कांचे शिक्षण. कारशेड राई-मुर्ध्याहून डोंगरीला आली, यावरून एका गावाचा आवाज पोहोचला असे दिसते. दुसऱ्या गावाचा आवाजही तितक्याच कान देऊन ऐकला जाणे हा समतेचा प्रश्न आहे.

वाचकाने काय करावे?

हा विषय विद्यापीठांवर आणि आयोगांवर सोडून देता येण्यासारखा नाही. शहरातील नोकरदार वाचकाला मानवी हक्कांचा एक तास त्याच्या कार्यालयातच मिळायला हवा. कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळाला प्रतिबंध करणाऱ्या २०१३ च्या कायद्यानुसार दहा वा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक आस्थापनेत अंतर्गत समिती असणे आणि मालकाने जाणीवजागृतीच्या कार्यशाळा घेणे बंधनकारक आहे. आपल्या कार्यालयात समितीच्या सदस्यांची नावे दर्शनी भागात लावली आहेत का, हे उद्या पाहता येईल. शाळेच्या पालक सभेत शिक्षेविषयी धोरण विचारता येईल. पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवल्यावर प्रथम माहिती अहवालाची प्रत विनामूल्य मिळते, स्त्रियांना आणि साठीपुढच्या व्यक्तींना साक्षीदार म्हणून चौकशीसाठी ठाण्यात बोलावता येत नाही, त्यांच्या घरीच जावे लागते, एवढे घरातील प्रत्येकाला माहीत असावे. स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि कोठडीतील व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी सहाय्य मिळते आणि त्यासाठी १५१०० हा दूरध्वनी क्रमांक आहे.

विद्यापीठांनी आणि प्रशिक्षण संस्थांनीही एक साधा बदल करून पाहावा. मानवी हक्कांची वेगळी पुस्तिका वाटण्याऐवजी त्या त्या व्यवसायाचा रोजचा कागद वर्गात आणावा. पोलिसासाठी अटकेचा कागद, डॉक्टरसाठी तपासणीचा नमुना, शिक्षकासाठी हजेरीपट, पत्रकारासाठी कालची बातमी, पालिका अधिकाऱ्यासाठी जाहीर सूचना. त्या कागदावर माणूस कुठे आहे आणि कुठे गाळला गेला आहे, हे शोधायला सांगावे. हंसाबेनांनी जाहीरनाम्याच्या मसुद्यावर नेमके हेच केले होते.

डोंगरीच्या रहिवाशांनी हरकतीचा अर्ज लिहायला शिकून घेतले. आता तो अर्ज वाचायला शिकण्याची पाळी टेबलापलीकडच्या माणसाची आहे.